मोपाचं तिकीट निघालंय, जायचंय कवळ्याला, उतरणार रात्री पावणेअकराला. तिघं सिनियर सिटिझन. काय करू?

फोंड्यातला सातारकर:

नमस्कार मंडळी. मी मूळचा सातारचा, नोकरीमुळे सात महिने झाले फोंड्यात राहतोय, कंपनी वेर्ण्याला. पुढच्या महिन्यात आई, बाबा आणि बाबांची मोठी बहीण म्हणजे आमची आत्या असे तिघं पुण्याहून येतायत, तिघांचाही पहिलाच विमानप्रवास. बीचबिच काही नाही, आमचं कुलदैवत फोंड्याजवळच्या कवळ्याची शांतादुर्गा आणि आत्याचा जुना नवस आहे तो फेडायचाय, अग्रशाळेत म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत खोली पण सांगून ठेवलीय.

आता घोळ ऐका. तिकीट काढलं चुलतभावाने, त्याने 'गोवा' टाकलं, सगळ्यात स्वस्त दिसलं ते काढलं आणि मला फॉरवर्ड केलं. मी काल निवांत बसून उघडलं तर जीओएक्स. म्हणजे मोपाचा विमानतळ. आणि मी दोन आठवडे घरी सगळ्यांना सांगत होतो की दाबोळी माझ्या ऑफिसपासून जवळ आहे, सेकंड शिफ्ट सुटली की येतो घ्यायला, काळजी करू नका. वर उतरायची वेळ रात्री १०:५०.

माझ्याकडे फक्त ॲक्टिव्हा आहे. आईचे गुडघे दुखतात, आत्या ७१ ची. सामानात पुरणपोळ्या, भाजणी, मेतकूट असं अर्ध सातारा येणारेय कारण पोरगा इथे उपाशी मरतोय अशी समजूत आहे. रात्री मोपाहून फोंड्याला यायला काय मिळतं? बस असते का? टॅक्सीचे इतके किस्से ऐकलेत की धीर होत नाही. तिकीट बदलावं का सरळ? प्लीज जरा सविस्तर सांगा.

म्हापसेकरीण:

आधी भावाला सोडा, त्याची काही चूक नाही, निम्मा महाराष्ट्र हेच करतोय. गोव्याला आता दोन एअरपोर्ट आहेत हे डोक्यात बसलेलंच नाही लोकांच्या. जीओआय म्हणजे दाबोळी, वास्कोजवळ. जीओएक्स म्हणजे मोपा, पेडणे तालुक्यात पार वरती, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, विमानं ५ जानेवारी २०२३ पासून. मनोहर पर्रीकरांचं नाव दिलंय, पण बोलताना सगळे मोपाच म्हणतात.

माझ्या बहिणीचं काय झालं सांगते. तिने पुण्यात बसून एका साइटवरून कॅब बुक केली, पिकअप 'गोवा एअरपोर्ट', बास. ही मोपाला उतरली, ड्रायव्हरचा फोन, मॅडम मी बाहेर उभा आहे, पांढरी गाडी. ही म्हणते मी पण बाहेर उभी आहे. दहा मिनिटं दोघं एकमेकांना शोधतायत, ही म्हणते समोर मोठ्ठं पार्किंग आहे, तो म्हणतो मॅडम इथे पण आहे. शेवटी त्याने विचारलं, मॅडम तुम्हाला नेव्हीचं काही दिसतंय का? तेव्हा दोघांच्या लक्षात आलं. तो दाबोळीला होता. मध्ये साठेक किलोमीटर आणि तीन नद्या. पैसे गेले ते गेलेच.

म्हणून कोणाशीही बोलताना, ड्रायव्हर असो, हॉटेल असो की आत्याबाई, "गोवा एअरपोर्ट" हा शब्दच वापरू नका. मोपा म्हणा.

टॅक्सीचं. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत, ॲप उघडून बघत बसू नका. मोपाला सामान घेऊन बाहेर येतानाच टॅक्सीचे काउंटर आहेत, तिथे रेट ठरलेले असतात, पावती घ्यायची, पावतीवर गाडीचा नंबर असतो तो जुळवायचा आणि बसायचं. नाहीतर गोवामाईल्सचं ॲप. बाहेर कोणी कानाशी येऊन "टॅक्सी टॅक्सी, कमी करतो" म्हणालं तर हसून पुढे. किस्से जे ऐकले असतील ते बरेचसे इथूनच सुरू होतात. स्वस्त नाहीये, हे आधीच सांगते, मोपा ते पणजीलाच हजाराच्या पुढे जातात, फोंडा म्हणजे त्याच्यापुढे अजून तेवढंच अंतर आणि रात्रीचं वेगळं. पण तीन वयस्कर माणसं आणि अर्ध सातारा असेल तर तिथे काटकसर करू नका.

वास्कोकर:

तिकीट बदला. सरळ दाबोळी घ्या. दाबोळीहून फोंडा मोपाच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आहे, वेर्णा, बोरीचा पूल, फोंडा. जुवारीचा पूल, पणजी, मांडवी, काहीच ओलांडावं लागत नाही आणि तुमचं ऑफिस वाटेतच. उगाच पेडण्याला जाऊन उलटं खाली का यायचं?

आणि दाबोळी काय कमी आहे? ५५ साली पोर्तुगीजांनी बांधला, ६१ च्या डिसेंबरमध्ये आपल्या विमानांनी बाँब टाकून धावपट्टी फोडली, ती दुरुस्त करून आजपर्यंत चाललाय. आमचे आजोबा ते धमाके सांगायचे, घरातली भांडी फळीवरून खाली आली म्हणायचे. आज सगळे म्हणतात छोटा आहे, गर्दी आहे. अहो २०१३ ला नवीन टर्मिनल झालं, आता आधीसारखं नाही. विमानतळ नेव्हीचा, आयएनएस हंसा, आपण लोक म्हणजे एका कोपऱ्यातले भाडेकरू, त्यामुळे सकाळची वेळ नेव्हीच्या सरावाला जाते आणि विमानांना जागा मिळत नाही, हीच काय ती अडचण. एक सांगून ठेवतो, आत्याबाईंना दाबोळीला उतरल्यावर धावपट्टीवर सेल्फी काढू देऊ नका, लष्करी जागा आहे, लगेच टोकतात.

दाबोळीला आणखी एक सोय म्हणजे गावात आहे. गेटमधून खाली हायवेला आलात की वास्को-पणजी, वास्को-मडगाव गाड्या चालूच. दिवसा मी कित्येकदा पाठीला सॅक लावून चालत खाली आलोय आणि वीस-तीस रुपयांत घरी. मोपाच्या सड्यावरून चालत कुठे जाणार? माकडांकडे?

बांद्याचो झील:

अरे म्हाराजा, मोपाच्या नावान इतकी बोंब कित्याक? आमका बांद्याक तां दारातच आसा!

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो नाहीतर ॲडमिन ओरडेल. वास्कोकर भाऊंचं बरोबर आहे पण ते त्यांच्या अंगणापुरतं. इकडे सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ला, सगळी पब्लिक आता मोपाला जाते. आमच्या सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ झाला २०२१ च्या ९ ऑक्टोबरला, पेढे वाटले आम्ही, पण विमानं कधी आहेत कधी नाहीत, मग माणूस काय करणार, मोपाच धरतो. माझा भाऊ दुबईला आहे, पूर्वी त्याला घ्यायला दाबोळीला जायचो म्हणजे अख्खी रात्र जायची, जुवारीच्या जुन्या पुलावर ट्रकच्या मागे तास तास उभे. आता रात्री फोन आला उतरलो म्हणून की मी चप्पल घालतो.

सातारकर भाऊ, तुम्ही एक गोष्ट विसरताय, पावणेअकराला उतरून बॅगा येऊन बाहेर पडेपर्यंत साडेअकरा. त्यानंतर साठ किलोमीटर म्हणजे कवळ्याला पोचणार एक वाजता. अग्रशाळेचं दार कोण उघडणार त्या वेळी? म्हाताऱ्या माणसांना घेऊन देवळासमोर पायरीवर बसणार का? त्यापेक्षा रात्री जवळच कुठेतरी पडा. पेडण्याला, धारगळला नाहीतर म्हापशाला. सकाळी आंघोळ-चहा करून निघा. नवस इतकी वर्षं थांबला असेल तर अजून आठ तास थांबेल.

आणि रोडने परत जाणार असाल तर एक सावधानता, इन्सुलीच्या नाक्यावर एक्साइजवाले दारूसाठी गाडी उघडून बघतात. बाबांना सांगा मित्रांसाठी "दोन घेतो" वगैरे नको.

वास्कोकर:

@बांद्याचो झील रोडने परत जाणार असं ते म्हणाले कुठे? आणि माझं अंगण म्हणे. दाबोळी सगळ्या गोव्याच्या मधोमध आहे. काणकोणच्या माणसाला मोपाला जायला शंभर किलोमीटर पडतात, त्याचं काय? पाळोळेला हॉटेल घेऊन मोपाला उतरणारे टुरिस्ट मी डोळ्यांनी बघितलेत, टॅक्सीचं बिल बघून बायकोकडे बघत नाहीत.

बांद्याचो झील:

@वास्कोकर काणकोणचा माणूस मोपाला जाईल कशाला. मी सातारकरांना सांगतोय, तिकीट ऑलरेडी काढलंय त्यांना. बदलायला पैसे तुम्ही देताय का 😄

फोंड्यातला सातारकर:

भांडू नका हो. बदलायचं विचारून बघितलं, तिघांचं मिळून बदलायचे चार्जेस आणि फरक धरून जवळजवळ नवीन तिकिटांइतकंच होतंय. बाबा म्हणाले, "तेवढ्यात मी एसटीने चार वेळा येईन." विषय संपला. म्हणजे मोपाच.

झील भाऊ, अग्रशाळेच्या दाराचं माझ्या डोक्यातच नव्हतं, खरंच थँक्यू. रात्री म्हापशाला थांबायचं नक्की करतोय. मग सकाळी म्हापसा ते कवळे कसं? आणि आईसाठी व्हीलचेअर मागता येते का, त्याचे पैसे पडतात का, ती "मला काय अपंग समजता का" म्हणून रुसेल तो भाग वेगळा.

डिचोलीकर:

सकाळी गाडीने निघणार असाल तर पणजीवरून जाऊच नका. सगळे तुम्हाला मॅप लावा सांगतील आणि मॅप हायवेवर घालेल, पर्वरीला फ्लायओव्हरचं काम चाललंय तिथे ऑफिसच्या वेळेत अडकलात तर देवीची आरती चुकली म्हणून समजा. म्हापशाहून थिवी, अस्नोडा, डिचोली, तिथून आमोणा, पूल ओलांडला की खांडोळा, माशेल, बाणस्तारीपाशी मोठ्या रस्त्याला लागायचं. पुढे मंगेशी, म्हार्दोळ, फर्मागुडी आणि फोंडा. रस्त्यात सकाळचं धुकं, पोफळीच्या बागा, आत्याबाई खूश. माशेलला थांबून भाजी-पाव खा, पातळभाजी सांगायची, सुकी पण मागवा, दोन्ही मिसळून. हे एअरपोर्टशी संबंधित नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पण हा रस्ता रात्री नको. अरुंद आहे, वळणं आहेत आणि गुरं रस्त्याच्या मधोमध बसलेली असतात, काळी म्हैस काळ्या डांबरावर, लाइट पडेपर्यंत दिसत नाही. रात्री मोपाहून म्हापशाला येताना नवीन उंच रस्ता आहे तोच धरायचा, तो विमानतळावरून थेट धारगळला हायवेला आणून सोडतो, गावातून फिरावं लागत नाही.

गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवणार असाल तर नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तरच ती भाड्याने द्यायची गाडी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी "चालतं हो, सगळे घेतात" म्हणून गळ्यात मारतात, आणि नाक्यावर पोलिसांनी धरलं की मालक फोन उचलत नाही. आमच्या इथे एका पाहुण्याचं झालंय.

कदंबने फिरणारा:

सगळे गाडी गाडी करताहेत, गरिबाच्या बसबद्दल कोणी बोलेल की नाही?

मोपाहून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, बस आहेत, इलेक्ट्रिक, एसी, सामान ठेवायला जागा. टर्मिनलच्या बाहेर आलं की तिथूनच सुटतात. म्हापसा, पणजी, मडगाव, कळंगुट अशा बाजूंना जातात. टॅक्सीच्या मानाने काहीच पैसे नाहीत. मी मोपाला उतरलो की ९९ टक्के बसनेच येतो, ड्रायव्हर ओळखायला लागलेत. पण वेळा अधूनमधून बदलतात आणि रात्री उशिराच्या विमानाला बसच्या भरवशावर राहू नका. दिवसा उतरत असता तर मी डोळे मिटून बसच सांगितली असती. जाताना मात्र वापरा, परतीचं विमान दुपारचं असेल तर.

परतीचा हिशोब असा. कवळ्याहून फोंडा स्टँड, फोंड्याहून पणजीला दर थोड्या वेळाने बस आहे, कंडक्टर दारात लटकून "पणजे पणजे पणजे" ओरडत असतो, माणूस चढला की "फुडें वच, फुडें वच" म्हणत पुढच्या माणसाच्या अंगावर ढकलतो, बॅगा असतील तर ड्रायव्हरच्या बाजूच्या जागेवर ठेवायला सांगा. पणजीला कदंब स्टँडला उतरायचं. तिथून मोपाची बस. स्टँडवर म्हापसा, वास्को, मडगावसाठी नॉनस्टॉप शटलच्या खिडक्या पण आहेत, त्याचं तिकीट आधी खिडकीवर काढून रांगेत उभं राहायचं असतं, बसमध्ये चढून काढता येत नाही, नवीन माणूस हमखास इथे फसतो. अर्धी रांग उभं राहून झाल्यावर कळतं की हातात तिकीट नाही.

संध्याकाळी सात-आठनंतर प्रायव्हेट बसची आशा सोडायची. गोव्यात रात्री बार उघडे असतात आणि बस झोपलेल्या असतात.

अजून एक, तुमच्या ॲक्टिव्हाने त्यांना म्हापशाला भेटायला जाणार असाल तर पणजीला अटल सेतूवर चढू नका, टू-व्हीलरला बंदी आहे, खालच्या जुन्या पुलावरून या. नवीन आहात म्हणून सांगतोय, चलान फाडून घेतलेला माणूस बोलतोय.

ग्राउंडवाली:

मी एका एअरपोर्टवर काम करते, कुठल्या ते विचारू नका, गोव्याचा नाही.

व्हीलचेअरला पैसे पडत नाहीत. एअरलाइनला निदान ४८ तास आधी सांगून ठेवा, साइटवर "स्पेशल असिस्टन्स" असतं किंवा फोन करा, आणि पुण्याला काउंटरवर पुन्हा आठवण करा. आई रुसतील तर त्यांना सांगा की पुण्याला चेक-इनची आणि सिक्युरिटीची लांब रांग त्यांना लागणार नाही. मी शेकडो मावश्या बघितल्यात, आधी "नको गं बाई" आणि नंतर व्हीलचेअरवर बसून बाकीच्यांकडे राणीसारखं बघतात. मोपाला उतरल्यावर मदतनीस बॅगांच्या पट्ट्यापाशी आणि पुढे बाहेरच्या दारापर्यंत आणून सोडतो. तिघंही पहिल्यांदाच येतायत तर हाच मोठा फायदा, रस्ता दाखवणारं माणूस बरोबर राहतं. तेवढ्यासाठी तरी मागा.

आता देवदर्शनाला येताय म्हणून मुद्दाम. परत जाताना प्रसादाचा नारळ हँडबॅगेत घेऊ देत नाहीत, अख्खा नारळ केबिनमध्ये चालत नाही. २०२४ मध्ये शबरीमलाला जाणाऱ्यांना काही महिन्यांपुरती सूट दिली होती. आणि सुकं खोबरं तर चेक-इनच्या बॅगेतसुद्धा नको, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून बंदी आहे. दर आठवड्याला कोणीतरी रडवेलं होऊन आमच्यासमोर नारळ ठेवून जातं, "देवीचा आहे हो, टाकू नका." आम्ही काय करणार? काजू, कोकम आगळ वगैरे असेल तर आगळाची बाटली चेक-इनमध्ये, हँडबॅगेत नको.

आणि बाबांनी फेणी घेतलीच तर हँडबॅगेत नाही, चेक-इनमध्ये, सीलबंद, माणशी ५ लिटरपर्यंत चालते. झील भाऊ हसू नका.

बांद्याचो झील:

हसत नाय हां. फकस्त बाबांचो नंबर देवा 😄

फोंड्यातला सातारकर:

मंडळी, अपडेट द्यायचं राहिलं. काल सगळे परत गेले. घर इतकं रिकामं वाटतंय की जुने थ्रेड वाचत बसलोय.

विमान अर्धा तास लेट झालं. माझी शिफ्ट, सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे मी फोनवर, आणि ते तिघं मोपाला. व्हीलचेअर घेतली आईने. आणि ग्राउंडवाली ताई, अगदी तुम्ही म्हणालात तस्संच. बाबा पायी, आत्या पायी, आणि आई पुढे व्हीलचेअरवर मांडीवर पुरणपोळ्यांची पिशवी घेऊन. मदतनीस पोरगा पेडण्याचाच होता, तिने त्याला विमानतळाच्या दारात एक पोळी खायला लावली. काउंटरवर पावती केली, गाडीचा नंबर बाबांनी पावतीशी दोनदा जुळवला, आरसी बुक पण मागितलं असतं तर नवल नव्हतं. ड्रायव्हर चांगला निघाला. म्हापशाला एकच्या आत पोचले आणि झोपले.

सकाळी ऑफिसमधल्या मित्राची वॅगनआर मागून घेतली आणि डिचोलीकरांच्या रस्त्याने आणलं. माशेलची पातळभाजी आत्याला तिखट लागली पण दुसऱ्यांदा मागवली. नवस फेडला. तिथे बाबांना कुणीतरी सांगितलं की आत्ताचं देऊळ साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात त्यांच्या दरबारातल्या नारो राम मंत्र्यांनी पुढाकार घेऊन बांधलं, तेव्हापासून बाबा देवळात असे फिरत होते की साताऱ्याची मालमत्ता तपासायला आलेत. पुजाऱ्यांना, फुलवाल्याला, पार्किंगवाल्याला, सगळ्यांना सांगून झालं.

जाताना कदंबने गेलो, विमान दुपारचं होतं. पणजी स्टँडच्या बाहेर पिवळे मडगार्ड असलेल्या मोटरसायकली उभ्या होत्या आणि वर पाटी, 'मोटरसायकल पायलट'. आत्या थबकली. मला म्हणे, हे सगळे विमान चालवतात? मी म्हटलं नाही आत्या, इथे मागे माणूस बसवून भाड्याने नेतात त्यांना पायलट म्हणतात. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे येताना जो आत बसून बोलत होता इंग्रजीत, त्याच्यापेक्षा हे बरे, समोर तरी दिसतात."

आता नारळ. पाच नारळ होते प्रसादाचे. मी आईला ताईचं सगळं वाचून दाखवलं, नेता येणार नाही म्हणून. आईने काही उत्तर दिलं नाही. आदल्या रात्री एक वाजता मला जाग आली, किचनमध्ये लाइट. माझ्या एवढ्याशा किचनमध्ये विळीवर बसून, गुडघे दुखत असताना, पाचही नारळ खवलेले आणि कढईत साखर घालून घोटत होती. ताटात थापून, वड्या पाडून, कागद लावून डब्यात भरल्या.

मोपाला सिक्युरिटीत डबा मशीनमधून गेला आणि थांबवला. हे मला बाबांनी नंतर फोनवर सांगितलं. मॅडमने विचारलं, काय आहे यात? आईने झाकण उघडलं आणि म्हणाली, "नारळाच्या वड्या, देवीचा प्रसाद आहे, एक घ्या." मॅडम म्हणाली, ड्यूटीवर आहे काकू, घेता येत नाही. आईने एक वडी कागदात गुंडाळून टेबलाच्या कडेला ठेवली आणि व्हीलचेअरवाल्याला म्हणाली चल.

वडी तिथेच राहिली का कोणी उचलली हे बाबांना वळून बघता आलं नाही, मागे रांग होती.